टिकणारा आनंद कसा शोधावा: कॅथलिक साधनेची रोजची रीत

सुखाची परीक्षा ते चालू असताना होत नाही, संपल्यावर होते. फोनवर दोन तास मजेत जातात आणि फोन खाली ठेवला की मन उसाच्या चिपाडासारखं कोरडं होतं. आजारी माणसापाशी तासभर बसायला जाणं जिवावर येतं, पण परतताना पाऊल हलकं पडतं. कॅथलिक परंपरेत आनंद शोधण्याची जी कामाची रीत आहे, ती या ‘नंतर’कडे बघण्यापासून सुरू होते.

रीतीचा उगम एका मोडलेल्या पायात आहे. १५२१ च्या मे महिन्यात स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत पायाला तोफेचा गोळा लागून इग्नेशियस लोयोला हे सैनिक (पुढे संत) जायबंदी झाले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना शूर सरदारांच्या अद्भुतकथा वाचायच्या होत्या. घरात निघालं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. मग कधी ते एका उच्चकुलीन स्त्रीसाठी गाजवायच्या पराक्रमांची स्वप्नं तासन्‌तास रंगवत, तर कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांच्यासारखं जगायची. रंगवताना दोन्ही गोड लागत. पहिली विरली की मागे रुक्षपणा उरे, दुसरी विरल्यावरही प्रसन्नता टिकून राही. या निरीक्षणातून पुढे त्यांची ‘आध्यात्मिक साधना’ ही पुस्तिका घडली आणि १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी तिला मान्यता दिली. खालच्या बऱ्याच पायऱ्या तिथल्या आहेत. काही मध्ययुगातले धर्मशास्त्रज्ञ संत थॉमस अक्वायनस यांच्या आहेत, तर काही वाळवंटातल्या जुन्या तपस्व्यांच्या.

सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करून टाकावी. चर्चच्या शिकवणीप्रमाणे पूर्ण आनंद म्हणजे परमेश्वराला समोरासमोर पाहणं, आणि तो या जन्मात पुरता हाती येत नाही. इथे मिळते ती त्याची सुरुवात. ऐकायला हे निराशेचं वाटतं, पण व्यवहारात यात मोठी सुटका आहे. जे फक्त देव देऊ शकतो ते नवऱ्याकडून, बायकोकडून, मुलांकडून, नोकरीकडून वसूल करायचा हट्ट त्यामुळे सुटतो. घरातली बरीच भांडणं खरं तर याच वसुलीची असतात.

आधी हिशेब: आनंद कशावर लावला आहे?

अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आनंदाच्या आठ दावेदारांची एकेक करून तपासणी केली: संपत्ती, मानसन्मान, कीर्ती, सत्ता, शरीराचं स्वास्थ्य, इंद्रियसुख, आत्म्याचे स्वतःचे गुण आणि शेवटी कोणतीही निर्माण केलेली वस्तू. त्यांची कारणं आजही रोखठोक वाटतात. पैसा नेहमी दुसऱ्या कशासाठी तरी हवा असतो, म्हणून तो शेवटचा मुक्काम होऊ शकत नाही. मान देणाऱ्याच्या हातात असतो, घेणाऱ्याच्या नाही. कीर्ती खोटीही असू शकते. सत्तेने भलंही करता येतं आणि वाटोळंही.

एक कोरा कागद घ्या, अर्धा-पाऊण तास काढा आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. गेल्या महिन्यात कशाच्या विचाराने झोप उडाली? हातात मोकळा वेळ आला की मन आपसूक कुठे धावतं? कोणाचं कोणतं यश ऐकून पोटात दुखलं? प्रत्येक उत्तरासमोर वरच्या आठांपैकी जे लागू पडेल ते लिहा. बहुतेकांची उत्तरं एक-दोन जागांभोवतीच गोळा होतात. तिसरा प्रश्न टाळू नका. मत्सर कधी थाप मारत नाही. मनाने आपला आनंद कुठे गहाण टाकला आहे ते तो अचूक दाखवतो.

इथे एक चूक हमखास होते. उत्तर सापडलं की माणूस ती गोष्टच टाकून द्यायला निघतो. नोकरी वाईट, पैसा वाईट, चांगलं जेवण वाईट. ही कॅथलिक शिकवण नव्हे. या सगळ्या वस्तू चांगल्या आहेत, बिघडलेला असतो तो त्यांचा क्रम. संत ऑगस्टीन यांनी सद्गुणाची व्याख्याच ‘प्रेमाचा योग्य क्रम’ अशी केली होती. म्हणून त्या शब्दासमोर आणखी एक ओळ लिहा: ‘ही गोष्ट कशासाठी आहे?’ बढती हवी असेल तर ती कोणाच्या भल्यासाठी? उत्तर लिहिताना पेन अडखळलं, तर काम तिथे आहे.

दोन आठवडे नुसती चव टिपा

खिशात मावेल अशी वही घ्या. दिवसातून जास्तीत जास्त तीन नोंदी करा. याहून जास्त करायला गेलात तर चौथ्या दिवशी वही बंद पडेल. एका नोंदीत तीनच गोष्टी: काय केलं, करताना कसं वाटलं, दोन तासांनी कसं वाटलं. शब्द साधे ठेवा. कोरडं, हलकं, चिडकं, शांत, आखडलेलं, मोकळं. एखादी नोंद अशी दिसेल:

‘दुपारच्या चहाला तिघांनी मिळून चौथ्याची खिल्ली उडवली. तेव्हा: जाम मजा, आपण यांच्यातलेच आहोत असं वाटलं. दोन तासांनी: तो समोर आला, नजर चुकवली. मन आखडलेलं.’

पानाच्या कोपऱ्यात आदल्या रात्रीची झोप किती तास झाली तेही लिहा. हे क्षुल्लक वाटेल, पण कमी झोप, भूक आणि सर्दी-पडसं यांना आध्यात्मिक संकट समजून बसणं ही नवशिक्यांची नेहमीची गल्लत आहे. चार तासांच्या झोपेनंतर आलेल्या कोरडेपणावर पहिला उपाय झोप हाच.

इग्नेशियस ज्याला सांत्वन म्हणतात ते निव्वळ बरं वाटण्याहून वेगळं आहे. स्वतःच्या चुकीबद्दल डोळ्यांत पाणी आलं आणि त्याबरोबर देवाकडे वळावंसं वाटलं, तर तेही सांत्वन. विश्वास, आशा, प्रेम वाढतंय का, हीच खूण. घरातल्या सगळ्यांत वैताग आणणाऱ्या माणसाशी तुम्ही आज जरा जास्त धीराने वागलात का, एवढं पाहिलं तरी पुरेसा अंदाज येतो. उलट, प्रार्थनेत फार गोड वाटलं आणि बाहेर येताच सगळ्यांवर खेकसलात, तर त्या गोडीवर विसंबू नका.

या चौदा दिवसांत काहीही बदलायचं नाही, संकल्प करायचे नाहीत. दोन आठवड्यांनी वही एका बैठकीत वाचा. ‘नंतर’च्या जागी तेच तेच शब्द कुठे येतात त्यावर खूण करा.

रात्रीची पंधरा मिनिटं

आता रोजचं आत्मपरीक्षण. वेळ पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. अंथरुणात पडून करू नका, तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागाल. जेवणाआधी किंवा जेवणानंतर लगेच, खुर्चीत ताठ बसून करा. टप्पे पाच:

१. आभार. आजच्या दिवसातल्या नेमक्या दोन-तीन गोष्टींसाठी. ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ हे आभार नव्हेत. ‘बसमध्ये त्या मुलीने उठून जागा दिली, त्याबद्दल’ हे आभार.

२. पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागणं. आपल्याच डोळ्यांनी पाहिलं तर आपण एकतर स्वतःचे वकील होतो, नाहीतर फाशी देणारे.

३. उठल्यापासून आत्तापर्यंतचा दिवस तासातासाने पुढे सरकवणं. आधी विचार, मग बोलणं, मग कृती. पंधरापैकी सहा-सात मिनिटं इथे जावीत.

४. जिथे चुकलं तिथे क्षमा मागणं. सरसकट नको, एकेक प्रसंग घेऊन.

५. उद्याचा एक संकल्प, आणि शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही येशूने शिकवलेली प्रार्थना.

पहिला टप्पा लोक गाळतात, कारण चुका शोधण्याची घाई असते. मग आठवडाभरात हे परीक्षण रोजच्या कोर्टासारखं वाटू लागतं आणि सुटतं. आभारांनी सुरुवात झाली की चुकादेखील मिळालेल्या प्रेमाच्या उजेडात दिसतात. तेव्हा त्या बोचतात, पण चिरडत नाहीत. दुसरी गडबड पाचव्या टप्प्यात होते. ‘उद्यापासून रागावणार नाही’ हा संकल्प दुपारपर्यंतही टिकत नाही, कारण तो करायचा कधी हेच ठरलेलं नसतं. ‘सकाळी मुलाला उठवताना आवाज चढवणार नाही’ हे करता येतं आणि रात्री तपासताही येतं.

याच्या जोडीला एकाच दोषावरचं खास परीक्षण आहे. इग्नेशियस यांची पद्धत जवळजवळ हिशेबनिसाची आहे. सकाळी उठताच तो दोष आठवायचा, दुपारी एकदा आणि रात्री एकदा किती वेळा घडला ते मोजायचं. प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा. वरच्या रेघेवर दुपारपर्यंतचे ठिपके, खालच्या रेघेवर रात्रीपर्यंतचे. सकाळची संध्याकाळशी, आजची कालशी, या आठवड्याची गेल्या आठवड्याशी तुलना करायची. दोष घडताक्षणी छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही कोणाच्या लक्षात येत नाही. दोष एका वेळी एकच घ्या, निदान महिनाभर. वहीत ज्याच्यानंतर मन सर्वांत जास्त आखडलेलं दिसलं तो घ्या. जो लोकांना दिसतो म्हणून लाज वाटते तो नको.

कोरडे दिवस

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उत्साह ओसरतो. प्रार्थना लाकूड चावल्यासारखी होते, वही उघडावीशी वाटत नाही, सगळंच खोटं वाटायला लागतं. बहुतेक प्रयत्न इथेच बुडतात, म्हणून नियम आधीच पाठ करून ठेवावेत.

पहिला नियम: मन खिन्न असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. प्रसन्न असताना रोज पंधरा मिनिटं ठरवली होती ना, मग तीच ठेवा. चर्च सोडायचं, लग्न मोडायचं, सेवा बंद करायची असे विचार याच काळात गर्दी करतात. त्यांना तारीख द्या: ‘मन निवळल्यावर बघू.’ (घरात मारहाण किंवा धोका असेल तर हा नियम लावायचा नाही, आधी सुरक्षित जागी जायचं.)

दुसरा: निर्णय तसाच ठेवून स्वतःला मात्र थोडं उलट दिशेला ढकलायचं. पंधरा मिनिटांची प्रार्थना दहाव्या मिनिटाला संपवावीशी वाटली तर सोळा मिनिटं करायची. एकच मिनिट जास्त. तासभर वाढवाल तर उद्या बसणारच नाही.

तिसरा: कारण शोधायचं. इग्नेशियस तीन सांगतात. आपलाच आळस, आपण कौतुकाशिवाय किती चालतो याची कसोटी, किंवा आनंद ही देणगी आहे, कमाई नाही, हे कळावं म्हणून. पहिलं कारण लागू असेल तर वहीतच दिसेल. लागू नसेल तर उगाच स्वतःला बडवू नका.

चौथा: गुपित ठेवू नका. जो विचार कोणालाही सांगू नये असं वाटतं, तोच आधी सांगावा. फादरांना, सिस्टरांना किंवा एखाद्या मुरलेल्या विश्वासू व्यक्तीला. बोलून दाखवताच त्याचा जोर निम्मा होतो.

चौथ्या शतकातले तपस्वी इवाग्रियस यांनी या कंटाळ्याला दुपारचा सैतान म्हटलं होतं. त्यांचं वर्णन विलक्षण ओळखीचं आहे: सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, तपस्वी सारखा खिडकीतून डोकावतो, जेवणाला किती वेळ आहे ते बघतो, राहती जागा नकोशी होते, दुसरीकडे कुठे तरी गेलो तर सगळं जमेल असं वाटतं. खिडकीच्या जागी फोन ठेवला की आजची दुपार झाली. जुन्या तपस्व्यांचा उपाय रुक्ष आहे पण लागू पडतो: जागा सोडायची नाही आणि हाताला छोटं, संपण्यासारखं काम द्यायचं. भांडी घासा, कपाटाचा एक खण आवरा.

कोरडेपणा म्हणजे अपयश, असं मात्र नाही. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा कळलं की कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देवाचं अस्तित्व जाणवत नव्हतं, आणि त्या काळात त्यांचं काम चालूच होतं.

पण एक सीमारेषा पक्की लक्षात ठेवा. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदासी, झोप आणि भूक बिघडलेली, कशातच रस नाही, किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार असतील तर आजच जा आणि तोवर एकटे राहू नका. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. प्रार्थना आणि उपचार एकाच वेळी चालतात.

पापनिवेदन

मनावरचं सगळ्यांत जड ओझं बहुधा जुनं आणि न सांगितलेलं असतं. त्यासाठी पापनिवेदन, म्हणजेच कन्फेशन: धर्मगुरूंपाशी आपली पापं सांगून क्षमा मिळवणं. गंभीर पापं वर्षातून एकदा तरी सांगणं चर्चच्या नियमाने बंधनकारक आहे. साधनेसाठी महिन्यातून एकदा ही बरी लय.

तयारी दहा-पंधरा मिनिटांची. बायबलमधल्या दहा आज्ञा समोर ठेवून आठवा, हवं तर चिठ्ठी करा. आत गेल्यावर शेवटचं पापनिवेदन किती दिवसांपूर्वी झालं ते सांगा. मग पापं: गंभीर पापांचा प्रकार आणि साधारण किती वेळा. बायकोचा स्वभाव, साहेबांचा त्रास, परिस्थिती हे सांगत बसलात तर ते दुसऱ्यांच्या पापांचं निवेदन होतं. ‘मी रागावलो’ यापेक्षा ‘आईला तीनदा अपमानास्पद बोललो’ हे नेमकं. धर्मगुरू प्रायश्चित्त देतील, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणाल, ते पापमुक्ती देतील. प्रायश्चित्त त्याच दिवशी उरकावं, नाहीतर विसरतं. फार वर्षांनी जात असाल आणि काहीच आठवत नसेल तर तेवढंच म्हणा. पुढे कसं जायचं ते फादर विचारत नेतील. ऐकलेलं कोणालाही सांगायची त्यांना मुळीच मुभा नाही.

काहींचा रोग उलटा असतो. सांगितलेली पापं परत परत सांगायची, ‘नीट सांगितलं का’ म्हणून रात्र जागायची. इग्नेशियस स्वतः स्पेनमधल्या मान्रेसाला असताना यात सापडले होते. अशा वेळी एकच धर्मगुरू धरावेत आणि ‘हे पुन्हा सांगू नका’ म्हणाले तर खरंच सांगू नये.

मिस्सा आणि आठ धन्यवचने

रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चुकवू नका, आणि पाच मिनिटं आधी पोचा. त्या पाच मिनिटांत आठवड्यातलं एक दुःख आणि एक आनंद ठरवा, आणि भाकर व द्राक्षारस अर्पण करताना मनाने ते वेदीवर ठेवा. प्रसाद घेण्याआधी तासभर उपवास असतो. पाणी आणि औषध चालतं.

आठवड्यात रोज दहा मिनिटं बायबलसाठी. सुरुवात मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायातल्या धन्यवचनांनी करा, कारण आनंदी कोण याचं येशूने दिलेलं उत्तर तिथे आहे. आठ वचनं, आठ आठवडे, एका आठवड्याला एकच. बाराव्या शतकातल्या ग्विगो या कार्थुशियन (एकांतवासी मठपंथातल्या) तपस्व्याने वाचनाच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, चिंतन, प्रार्थना, मग नुसतं शांत राहणं. वचन दोनदा हळू वाचा, अडकलेल्या शब्दावर थांबा, त्यावरून देवाशी बोला, शेवटची दोन मिनिटं काहीच बोलू नका. दयाळूंच्या वचनाच्या आठवड्यात कोणाचा हिशेब अजून मनात चालू आहे ते पाहा. शोक करणाऱ्यांच्या आठवड्यात कोणाचं दुःख ऐकताना आपण घाईने विषय बदलला ते आठवा.

कोणाला तरी वेळ द्या

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६५ मध्ये म्हटलं की माणूस स्वतःला मनापासून देऊन टाकल्याखेरीज स्वतःला पुरता सापडत नाही. हे वाक्य फलकावर छान दिसतं. आपल्याला ते वेळापत्रकात हवं आहे. दयेची चौदा कामं परंपरेने ठरलेली आहेत, सात शरीराची आणि सात आत्म्याची: भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची भेट, कैद्याची भेट, दुःखिताचं सांत्वन, त्रासदायक माणसांना धीराने सोसणं वगैरे. एकच निवडा. एक माणूस, आठवड्यातला एक ठरलेला तास, तीन महिने. फोटो काढायचा नाही, सांगत फिरायचं नाही. सांगितलं की कीर्तीचा दावेदार मागच्या दाराने परत येतो. आणि घरच्यांचा वेळ कापून ही सेवा करू नका. बायको ताप अंगावर काढते आहे आणि तुम्ही रुग्णसेवेला निघाला आहात, तर तुमचा रुग्ण घरातच आहे.

दुःख येईल तेव्हा

अक्वायनस यांनी दुःखावरचे पाच उपाय मांडले आहेत आणि ते इतके जमिनीवरचे आहेत की धर्मशास्त्राच्या ग्रंथात वाचताना हसू येतं. एखादं निर्मळ सुख, रडणं, मित्रांची सोबत, सत्याचं चिंतन, आणि झोप व आंघोळ. रडण्याचं कारण ते देतात: आत कोंडलेलं दुःख जास्त टोचतं, बाहेर पडलं की मनाची पकड सैल होते. मित्राबद्दल म्हणतात की ओझं वाटून घेतल्यासारखं होतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्यावर कोणी तरी प्रेम करतं हे कळतं.

वाईट बातमी आली त्या दिवशी क्रम उलटा लावला तर सोपं जातं. चिंतन शेवटी. आधी गरम पाण्याने आंघोळ, दोन घास, एका माणसाला फोन. रडू आलं तर येऊ द्यावं. रात्री दहानंतर आयुष्याबद्दल कोणतेही निष्कर्ष काढायचे नाहीत. ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ एकदा म्हणून दिवा मालवावा; वही सकाळी उघडता येते.